जोर आणि सूर : जुन्या जपानी मोटारींविषयीं

विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतांना शेवटचें पान उलटून पाहण्याची आम्हांला जुनी खोड आहे. पुढचीं पानें विद्यार्थी आमच्याकरितां लिहितो. शेवटचें पान तो स्वतःकरितां राखून ठेवतो. त्यामुळें त्याच्या मनांत काय चाललें आहे याचा सुगावा तेथेंच लागतो. अलीकडे या शेवटच्या पानांवर मोटारींचीं चित्रें फार दिसूं लागलीं आहेत. नवल असें कीं, त्या मोटारी आजच्या नव्हेत व आपल्या रस्त्यांवरच्याहि नव्हेत. लांब नाकाची फेअरलेडी, मागें चार वाटोळे तांबडे दिवे असलेली स्कायलाइन, पुढले दिवे पापण्यांप्रमाणें उघडझांप करणारी आर्. एक्स्. सेव्हन, अशा तीस-चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीं जपानांत घडलेल्या त्या गाड्या आहेत. मुलांनीं त्या प्रत्यक्ष पाहिलेल्या नाहींत. चित्रपटांतून, चित्रकथांतून व पडद्यावरच्या खेळांतून त्यांची ओळख झालेली आहे. प्रत्येक चित्राखालीं एक आंकडा असतो. कोणी ५०० लिहितो, कोणी ८००, आणि एका महत्त्वाकांक्षी चित्रकारानें तर १००० लिहून त्याखालीं दोन रेघा ओढल्या होत्या. हे आंकडे अश्वशक्तीचे.

ती वही आम्हीं त्या मुलाच्या वडिलांना पालकसभेच्या दिवशीं कौतुकानें दाखविली. ते म्हणाले, "सर, हीं परदेशांतल्या श्रीमंतांचीं खुळें आहेत. जुनें भंगार विकत घ्यावयाचें, त्यावर पैसा ओतावयाचा आणि रात्रीं-अपरात्रीं आवाज करीत हिंडावयाचें. यांत माझ्या मुलानें शिकावें असें काय आहे ?" त्या वेळीं आम्हीं हंसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनांत राहिला, आणि त्याचें उत्तर देणें आम्हांला अवश्य वाटतें. आमचें मत असें कीं, या प्रकरणांत मुलगाहि चुकतो आणि वडीलहि चुकतात. मुलगा या गाड्यांतील जोर पाहतो, वडील त्यांतील खर्च पाहतात. वास्तविक त्यांत पाहण्याजोगी गोष्ट तिसरीच आहे, आणि ती म्हणजे सूर.

मोटारींच्या व्यवहारांत 'ट्यूनिंग' हा शब्द आपले मिस्त्रीहि सर्रास वापरतात. मूळ इंग्रजींत हा शब्द वाद्य जुळविण्याचा आहे. तो एंजिनाला मागाहून लागला. तंबोरा जुळविणारा मनुष्य तार पिळतो, ऐकतो, पुन्हा किंचित् सैल करतो, मणी सरकवितो आणि चारहि तारा एकमेकींशीं बोलूं लागेपर्यंत धीर धरतो. तार जितकी अधिक पिळावी तितकें गाणें चांगलें होतें असें कोणताहि गवई म्हणणार नाहीं. परंतु मोटारीच्या बाबतींत मात्र हा शब्द हळूहळू 'अधिक जोर काढणें' एवढ्याच अर्थानें रूढ झाला. शब्दाचा अर्थ असा घसरला म्हणजे त्याबरोबर कामहि घसरतें, आणि तेंच आज झालेलें आहे.

मूळ अर्थानें ट्यूनिंग म्हणजे काय हें समजावयाचें असेल तर निस्सान कंपनीची फेअरलेडी झेड् ही गाडी घ्यावी. ही १९६९ च्या अखेरीस जपानांत निघाली. अमेरिकेंत ती डॅटसन २४० झेड् या नांवानें विकली गेली, कारण तेथील कंपनीचे प्रमुख युताका काटायामा यांना 'फेअरलेडी' हें नांव असल्या गाडीला मुळींच शोभेसें वाटलें नाहीं. (हे गृहस्थ २०१५ सालीं वारले तेव्हां १०५ वर्षांचे होते. मोटारींच्या नादानें मनुष्य दीर्घायुषी होतो असा निष्कर्ष मात्र आमच्या विद्यार्थ्यांनीं यावरून काढूं नये.) अमेरिकेस गेलेल्या या गाडीचें एंजिन २३९३ घन सेंटिमीटरचें, एका ओळींत सहा सिलिंडर, आणि त्यांना पेट्रोल व हवा पुरविण्यास दोन कार्ब्युरेटर. पुढचा कार्ब्युरेटर पुढच्या तिघांना पोसतो, मागचा मागच्या तिघांना. या दोघांनीं सारख्या मापानें वाढलें तरच सहाहि जण सारखें काम करतात. एकानें हात आंखडता घेतला तर तिघे उपाशी राहतात व तिघांना अजीर्ण होतें. गाडी चालते, पण उभ्या जागीं थरथरते, धूर सोडते आणि पेट्रोल पिते.

अशी गाडी अडखळूं लागली म्हणजे उतावळा मालक पहिल्यानें कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळावयास धांवतो. जाणता मनुष्य कार्ब्युरेटरला सर्वांत शेवटीं हात लावतो. प्रथम तो सहाहि सिलिंडरांतील दाब मापून पाहतो. दाबच सारखा नसेल तर पुढची सारी खटपट व्यर्थ आहे. नंतर एंजिन थंड असतांना तो टॅपेटचें अंतर बसवितो. या एंजिनांत आंत घेणाऱ्या झडपेचें अंतर ०·२० मिलिमीटर व बाहेर टाकणाऱ्या झडपेचें ०·२५ मिलिमीटर असतें. वाचकांपैकीं ज्यांनीं फीलर गेजचीं पोलादी पातीं हातांत धरलेलीं नसतील त्यांनीं ०·२० मिलिमीटर म्हणजे वहीच्या दोन कागदांची जाडी समजावी. बाहेरच्या झडपेला अंतर अधिक कां, तर ती जळालेल्या वायूंत न्हाऊन निघत असल्यामुळें अधिक तापते आणि तापल्यावर अधिक वाढते. पातें त्या फटींतून न अडकतां पण किंचित् ओढ देत सरकलें पाहिजे. ती ओढ किती असावी हें पुस्तकांत लिहितां येत नाहीं. तें बोटांना शिकवावें लागतें. बारा झडपांचें हें काम संपलें म्हणजे ठिणगीचे पॉइंट व त्यांची वेळ. आणि हें सर्व झाल्यावर मग कार्ब्युरेटर.

त्याचीहि रीत मोठी मनोरम आहे. आज हवा मापण्याचीं उपकरणें मिळतात. परंतु जुने कारागीर रबराच्या नळीचा एक कांठ कानाशीं धरीत व दुसरा कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं. हवा आंत शिरतांना एक सुस्कारा ऐकूं येतो. पुढचा सुस्कारा ऐकावयाचा, मग मागचा. दोन्ही एकाच उंचीचे होईपर्यंत स्क्रू अर्धा-पाव फेरा फिरवावयाचा. मग मिश्रणाची पारख. कार्ब्युरेटरमधील सरकता पिस्टन केंसभर वर उचलावयाचा आणि एंजिन काय म्हणतें तें ऐकावयाचें. गति वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल अधिक होत आहे. एंजिन बसूं लागलें तर कमी पडत आहे. आणि क्षणभर किंचित् उचल खाऊन पुन्हा पूर्वपदावर आलें तर मिश्रण बरोबर आहे असें समजावें. या साऱ्या खटाटोपानें गाडीची अश्वशक्ति कारखान्याच्या आंकड्याहून एकानेंहि वाढत नाहीं. जें मुळांत होतें तें परत मिळतें, एवढेंच. परंतु हें 'एवढेंच' ज्यानें एकदां ऐकलें आहे त्याला सहा सिलिंडरांचा तो एकजीव गुणगुणाट १००० च्या आंकड्याखालीं दोन रेघा ओढण्यापेक्षां अधिक सुख देईल, अशी आमची खात्री आहे.

येथें आम्हांला आमच्याच मूर्खपणाची एक हकीकत सांगणें प्राप्त आहे, नाहीं तर हा सारा कोरडा उपदेश ठरेल. कॉलेजांत असतांना वडिलांची जुनी स्कूटर आमच्या हातीं आली. तिला अधिक वेग यावा व विशेषतः अधिक आवाज यावा म्हणून आम्हीं एका दुपारीं हवेची जाळी काढून टाकली, सायलेन्सरच्या पोटांतील नळी उपसून काढली आणि प्लगहि बदलला. आवाज असा झाला कीं गल्लींतील कुत्रीं उठलीं. दुसऱ्या दिवशीं दोघे मित्र साताऱ्याच्या रस्त्यानें निघालों. खंबाटकीचा घाट निम्मा चढलों असूं नसूं तोंच स्कूटर एकाएकीं अडली, मागचें चाक जागच्या जागीं थांबलें आणि आम्ही दोघेहि रस्त्याच्या कडेला फेंकले गेलों. पाठीमागून त्या क्षणीं मालमोटार येत नव्हती म्हणून हा लेख लिहावयास आम्ही उरलों. हवा वाढली, पण तिच्या प्रमाणांत पेट्रोल वाढलें नव्हतें; मिश्रण विरळ झालें, पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरांत घट्ट बसला. वडिलांनीं रागें भरावें अशी आमची अपेक्षा होती. त्यांनीं फक्त विचारलें, "एका वेळीं किती गोष्टी बदलल्यास ?" आम्ही म्हणालों, "तीन." ते म्हणाले, "मग त्यांतल्या कोणत्या गोष्टीनें घात केला हें तुला कधींच कळणार नाहीं." तेव्हांपासून एका वेळीं एकच बदल, हा नियम आम्हीं गांठीं बांधला आहे.

जपानी गाड्यांच्या बाबतींत हीच चूक फार महाग पडते. १९८९ सालीं निघालेली स्कायलाइन जी. टी. आर्. घ्या. हिचें एंजिन २५६८ घन सेंटिमीटरचें, दोन टर्बो लावलेलें. त्या काळीं जपानी कारखानदारांनीं आपसांत ठरविलें होतें कीं जाहीर शक्ति २८० च्या वर जाऊं द्यावयाची नाहीं. हा शब्द त्यांनीं २००४ पर्यंत पाळला. या गाडींत अधिक शक्ति सोसण्याचें सामर्थ्य मुळांतच राखून ठेवलेलें होतें, आणि टर्बोचा दाब वाढविला कीं ती बाहेर येत असे. त्यामुळें दाब वाढविण्याचा मोह कोणालाहि व्हावा. परंतु त्या टर्बोंचें जळक्या वायूनें फिरणारें चाक पोलादाचें नसून चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचें आहे. तें हलकें असल्यामुळें चटकन वेग घेतें, म्हणून कारखान्यानें तें निवडलें. जो दाब कारखान्यानें ठरविला त्या दाबावर तें चाक वर्षानुवर्षें टिकतें. दाब बराच वाढवा, आणि कपबशी फुटावी तसें तें फुटतें. म्हणजे पाहा : ज्या गुणामुळें गाडी चपळ झाली तोच गुण अविचारी हातांत तिच्या नाशाला कारण होतो. जाणते जपानी कारागीर प्रथम तें चाक बदलतात, तेलाची व पाण्याची व्यवस्था पाहतात, ब्रेक मोठे करतात, आणि मग दाबाकडे वळतात. फुजी पर्वताच्या पायथ्याशीं १९७३ सालापासून चाललेल्या एच्. के. एस्. सारख्या कारखान्यांनीं हें शास्त्र पुष्कळ वाढविलें आहे. आमचा रोख त्यांच्यावर नाहीं. मापून वाढविलेल्या जोराला आम्ही दोष देत नाहीं. न मापतां वाढविलेल्या जोराला देतों.

माझदा कंपनीच्या गाड्यांची गोष्ट तर याहून नाजूक आहे, आणि ती थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे. यांच्या एंजिनांत खालीं-वर होणारा पिस्टनच नाहीं. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण एका लांबट पोकळींत गरगर फिरतो. मूळ कल्पना वांकेल नांवाच्या जर्मन संशोधकाची. परंतु ती टिकाऊ करून दाखविली हिरोशिमांतील लोकांनीं. केनिची यामामोतो हे त्यांचे नायक. अडचण अशी कीं त्रिकोणाच्या तीन टोंकांवर बसविलेल्या पट्ट्या पोकळीच्या भिंतीवर घांसून तीवर लाटांसारखे ओरखडे पाडीत. त्या ओरखड्यांना त्या मंडळींनीं 'सैतानाच्या नखांच्या खुणा' असें नांव दिलें होतें. कार्बनमध्यें अॅल्युमिनिअम मुरवून केलेल्या पट्ट्यांनीं शेवटीं तो सैतान काबूंत आला, आणि १९६७ च्या मे महिन्यांत कॉस्मो स्पोर्ट ही दोन त्रिकोणांची गाडी बाजारांत आली. पुढल्याच वर्षीं जर्मनींतील नूरबुर्गरिंग येथें ८४ तास सतत चालणाऱ्या शर्यतींत अशा दोन गाड्या उतरल्या. त्यांतील एक ८२ व्या तासाला बंद पडली. दुसरी चौथी आली. ८१ तास धांवून बंद पडलेल्या गाडीच्या माणसांचें त्या वेळीं काय झालें असेल, हा विचार आम्हांला चौथ्या क्रमांकापेक्षां अधिक हलवितो.

या एंजिनाची निगा राखणाऱ्याला दुसऱ्या गाड्यांवर शिकलेलें बरेंचसें विसरावें लागतें. तें थोडें थोडें तेल जाळतें, आणि तें जाळलेंच पाहिजे, कारण त्या पट्ट्यांना वंगण मिळण्याचा तोच मार्ग आहे. म्हणून पेट्रोल भरतांना प्रत्येक वेळीं तेलाची कांठीहि पाहावी लागते. दाब मापावयाचा तर साधें यंत्र पुरत नाहीं, कारण प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचा दाब निरनिराळा वाचावा लागतो. एंजिनाचे कांहीं थर लोखंडाचे व कांहीं अॅल्युमिनिअमचे, आणि मधें रबराचीं कडीं. एकदां जरी पाणी उकळूं दिलें तरी तीं कडीं दगा देतात. १९९१ सालीं निघालेल्या तिसऱ्या आर्. एक्स्. सेव्हनमध्यें दोन टर्बो पाळीपाळीनें काम करतात, आणि त्यांना हुकूम पोंचविणाऱ्या बारीक रबरी नळ्यांचें जाळें एंजिनाच्या अगदीं उष्ण भागीं पसरलेलें आहे. तीस वर्षांच्या उष्णतेनें त्या नळ्या जुन्या चपलेसारख्या ताठ होतात. एक नळी तडकली कीं गाडी रडतखडत चालते, आणि मालक समजतो कीं टर्बोच गेले. शंभर रुपयांची नळी शोधण्याचा कंटाळा करून लाखांचे टर्बो बदलणारे लोक याच जातीचे. आणि पेट्रोल न वाढवितां दाब वाढविला, तर मिश्रण वेळेपूर्वींच भडकून ती टोंकाची पट्टी मोडते. तिचे तुकडे आंतल्या भिंती खरवडीत बाहेर पडतात. ज्या पट्टीसाठीं हिरोशिमाच्या लोकांनीं वर्षानुवर्षें डोकें फोडलें ती एका रात्रींत अशी गमवावी, हें आम्हांला केवळ उधळेपणाचें नव्हे, कृतघ्नपणाचें वाटतें.

आतां कोणी म्हणेल, मग या गाड्या जशाच्या तशा ठेवून कुलपांत बंद कराव्या. पुष्कळ धनवान् लोक तसें करतात. टोयोटाची २००० जी. टी. ही गाडी १९६७ ते १९७० या काळांत, नमुन्यांसह, अवघ्या ३५१ निघाली. तींतील एक २०१३ सालीं अमेरिकेंत लिलावांत दहा लाख डॉलरांहून अधिक किंमतीला गेली. १९७३ ची स्कायलाइन जी. टी. आर्. तर १९७ च निघाल्या. असल्या वस्तूला कोण रस्त्यावर काढील ? परंतु यंत्राला विश्रांति मानवत नाहीं. उभ्या गाडींतील पेट्रोल आटून कार्ब्युरेटरांत गोंदासारखी साय धरतें. ब्रेकचें तेल हवेंतील पाणी शोषून आंतून गंज आणतें. तेलाचीं सीलें वाळतात. टायर एका बाजूला चपटे पडतात. महिन्यांतून दोन वेळां चांगली तापवून चालविलेली गाडी कुलपांतल्या गाडीपेक्षां अधिक आरोग्यांत राहते. शिवाय गाडी बंद झाली म्हणजे ती दुरुस्त करणारा हातहि बंद होतो, आणि ती हानि आम्हांला गाडीच्या हानीहून मोठी वाटते. इसे येथील देवालय जपानी लोक दर वीस वर्षांनीं जुन्याच्या शेजारीं जसेंच्या तसें नवें बांधतात. अलीकडे तें २०१३ सालीं बांधलें. लांकूड नवें असतें, परंतु रंधा धरण्याची विद्या तेराशें वर्षांची आहे, कारण प्रत्येक पिढींतील सुतारांना तें काम करावयास मिळतें. मोटारींच्या बाबतींतहि आम्ही तोच न्याय लावूं.

सुदैवानें खुद्द कारखान्यांना हें उशिरां कां होईना पटूं लागलें आहे. निस्साननें २०१७ च्या अखेरीस जुन्या जी. टी. आर्. चे बंद झालेले भाग पुन्हा काढण्यास आरंभ केला. माझदानें त्याच सुमारास आपली पहिली उघडी रोडस्टर पुन्हा नवी करून देण्याचें काम पत्करलें. टोयोटानें २०२० सालीं सुप्रा व २००० जी. टी. यांचे भाग घडविण्याचें जाहीर केलें. पन्नास वर्षांपूर्वींच्या ३५१ गाड्यांसाठीं गिअरचे दांते कापणें हा व्यापार म्हणून शुद्ध आतबट्ट्याचा, परंतु ज्यानें वस्तु घडविली त्यानें ती उभी राहील असें पाहावें, हें आम्हांला योग्य वाटतें. सरकारचें धोरण मात्र उलट आहे. तेथें तेरा वर्षांहून जुन्या पेट्रोलच्या मोटारीला कर अधिक भरावा लागतो, आणि दर दोन वर्षांनीं सरकारी तपासणी असते. कराविषयीं मालकांची तक्रार आम्हांला रास्त वाटते. तपासणीविषयीं मात्र आम्ही सरकारच्या बाजूचे. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, चाकांची सरळता, इतकेंच काय, जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची नऊ सेंटिमीटरांहून कमी नाहीं ना, हेंहि तेथें पाहतात. शेजाऱ्याची झोंप व रस्त्यावरील मुलाचे पाय हेहि त्या सुरांत बसले पाहिजेत.

मुलांना प्रिय असलेली एक चित्रकथा आहे, 'इनिशियल डी' नांवाची. १९९५ ते २०१३ पर्यंत ती चालली होती. तींत एक मुलगा साध्या टोयोटा ए. ई. ८६ गाडीनें रात्रीं घाटांत मोठमोठ्या गाड्यांना मागें टाकतो. घाटाला जपानींत 'तोगे' म्हणतात, आणि तो कथेंतला घाट गुम्मा प्रांतांतील हारुना पर्वतावरून घेतलेला आहे. कथा वाचावी, आम्हींहि थोडी वाचली. परंतु खऱ्या घाटांत समोरून दूधवाला येतो, हें कथाकाराच्या सोयीचें नसतें. आमच्या मुलांच्या ध्यानांत राहावी अशी गोष्ट त्या कथेंत वेगळीच आहे : ती गाडी वेग मोठा म्हणून जिंकत नाहीं. तिचें १५८७ घन सेंटिमीटरचें एंजिन कागदोपत्रीं १३० अश्वशक्तीचें. आपल्याकडे हल्लीं कुटुंबासाठीं घेतल्या जाणाऱ्या कित्येक मोटारींचाहि जोर त्याच्या जवळपास येतो. ती हलकी आहे, सरळ आहे, आणि चालविणाऱ्याला तिचें सर्व कांहीं ठाऊक आहे. २०२३ च्या जानेवारींत टोयोटानें अशाच दोन जुन्या गाड्या तोक्योजवळ एका प्रदर्शनांत मांडल्या होत्या. एकींत तेंच एंजिन हायड्रोजन वायूवर चालविलें होतें, दुसरींत विजेची मोटर व बॅटरी बसविली होती. जुन्या मताच्या लोकांनीं नाकें मुरडलीं. आम्ही मुरडणार नाहीं. जी गाडी पुष्कळ निघाली तिच्या एखाद्या नगावर असा प्रयोग व्हावा. ज्या १९७ च आहेत त्यांना मात्र करवत लावूं नये.

आमच्या मतें बदलाची मर्यादा येथेंच आहे. पॉइंटच्या जागीं इलेक्ट्रॉनिक ठिणगी, चांगले ब्रेक, मोठा रेडिएटर, नवे सीट-बेल्ट, हे बदल अवश्य करावे. त्यांनीं गाडी अधिक दिवस व अधिक निर्धास्तपणें चालते, आणि उद्यां कोणाला जुनें बसवावेंसें वाटलें तर दोन पान्यांनीं बसवितां येतें. परंतु रुंद चाकें मावावीं म्हणून ज्यानें पत्रा कापला त्यानें पुढच्या मालकाचा हक्कहि कापला. आणि पत्र्याची तर या गाड्यांत आधींच टंचाई. फेअरलेडी पांच लाखांहून अधिक निघाल्या, तरी धड पत्र्याची सांपडणें कठीण. बॅटरीखालची थाळी, पायांखालची जमीन, मागल्या चाकांच्या कमानी, या ठिकाणीं पाणी सांचतें आणि रंगाखालून गंज चढतो. एंजिन पुन्हा बांधतां येतें; गंजून गेलेली जमीन नवीनच घालावी लागते. पावसाळ्यानंतर पाणी वाहून जाण्याचीं भोकें तारेनें मोकळीं करणें हें बिनखर्चाचें काम करणाराच त्या गाडीचा खरा धनी.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. आपल्या चिरंजीवांना फेअरलेडी घेऊन द्या असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीहि तींत कधीं बसलेलों नाहीं, आणि जें लिहिलें तें पुस्तकांतून व जाणत्यांकडून ऐकूनच. परंतु आपल्या दारांत एखादी कार्ब्युरेटरची जुनी दुचाकी असेल, किंवा आजोबांची मारुती ८०० ताडपत्रीखालीं झांकलेली असेल. ती मारुती १९८३ सालीं सुझुकीच्या विद्येनेंच येथें निघाली, तेव्हां मुलाच्या आवडत्या जपानी गाड्यांची ती दूरची आप्तच आहे. दिवाळीच्या सुटींत एखाद्या सालस मिस्त्रीच्या हाताखालीं त्याला आठ दिवस बसूं द्या. चालविण्याचें वय अजून झालेलें नाहीं, तें बरेंच आहे. चालवितां येत नाहीं म्हणून तो ऐकावयास शिकेल. प्रथम प्लग काढून त्याचा रंग पाहूं दे : काळा असेल तर पेट्रोल अधिक, पांढुरका असेल तर कमी, बदामी असेल तर ठीक. मग टॅपेट, मग केबलींना वंगण, आणि कार्ब्युरेटर सर्वांत शेवटीं. काय केलें तें त्यानें तारीख घालून वहींत लिहावें. शेवटच्या पानावर लिहिलें तरी आमची हरकत नाहीं. एका वेळीं एकच बदल करावा, आणि जो जुना भाग निघेल तो पुसून, कागदांत गुंडाळून, वर नांव लिहून पेटींत ठेवावा. पेटी कसली असावी असें कोणी विचारील, तर बुटांची रिकामी पेटी पुरते.